भाऊजींची शेवटची अळी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. दुसऱ्यांच्या बरण्या धुवायच्या, त्यांवर दुसऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा त्यांनी तळ्यातून पाणभुंग्याच्या चौदा अळ्या आणल्या. या जातीच्या अळीचं वर्णन आजवर कुणीच केलेलं नाही, ते आपण करायचं, असं त्यांनी मनावर घेतलं.

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "अळी कुणाची लेक आहे ते तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. वाढवा. भुंगा झाला की आणा, मग छापू."

अळ्या सख्ख्या बहिणी, पण दोघींना एकत्र ठेवलं तर संध्याकाळी एकच उरेल आणि तीही जाडजूड. म्हणून प्रत्येकीला वेगळा कप. घरातले कप संपले. मी दोन महिने वाटीतून चहा प्याले. भाऊजी टाकलेली कात भिंगाखाली धरून पायांवरचे केस मोजत. "मधल्या पायावर सदतीस," असं ते जेवताना सांगत, आणि मी ते रोजनिशीत उतरवत असे.

दुसरी कात टाकल्यावर अळ्या मरू लागल्या. एकेक करत एकच राहिली. तिनेही अन्न सोडलं आणि कपाच्या कडेने गोल गोल फिरू लागली. भाऊजींनी तिला डासांच्या अळ्या भरवून पाहिल्या, पाणी कोमट केलं, वर आणखी ओतलं.

"वहिनी, हीपण चालली. एकतीस वर्षं पाण्यात."

मी मागची पानं काढून बघितली. तेराव्या अळीने कात टाकल्यापासून सहाव्या दिवशी अन्न सोडलं, कडेला चढू पाहत होती, मेली. बाराव्या अळीने सातव्या दिवशी, तेच. अकरावीचंही तेच.

"भाऊजी, या आजारी नव्हत्या. यांना बाहेर पडायचं होतं."

"कोश मातीत करतात हे मला माहीत आहे. म्हणून तर चिखल घातलाय."

"कुठे?"

"तळाशी. तळ्यात चिखल तळाशीच असतो."

"त्यावर चार बोटं पाणी आहे. तुम्ही विहिरीच्या तळाशी गादी घालून झोपाल का?"

त्यांनी कपाला बोटं लावून पाणी मोजलं. मग म्हणाले, "तेरा जणींना मी पाजून पाजून मारलं."

कुंडीत ओली माती भरून अळी तिच्या काठावर सोडली. पाच मिनिटांत ती मातीत शिरली. पुढे सतरा दिवस भाऊजी घरात चवड्यांवर चालले. मी पोळपाट आपटला तर म्हणायचे, "हळू, आत बाळंतपण आहे." रोज उकरून बघायची त्यांना हुक्की येई. मी खुरपं माझ्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

अठराव्या दिवशी मातीतून एक मऊ, फिकट भुंगा वर आला. काळा व्हायला त्याने आणखी तीन दिवस घेतले.

बाईंच्या खोलीत भाऊजींनी डबीचं झाकण काढलं आणि भुंगा उडाला. छतावरच्या दिव्याला दोन धडका देऊन तो बाईंच्या पाण्याच्या काचेच्या जगमध्ये पडला. बाईंनी जग डोक्यावर उचलला आणि मान उलटी करून त्याचं पोट तपासलं. त्यांच्या चष्म्यावर पाणी ठिबकत होतं.

"हाच," त्या म्हणाल्या. "बसा, लिहायला घ्या."

"नाव कुणाचं घालायचं?"

"केस कुणी मोजले?"

"मी."

"मग माझं कसं घालणार?"

राहिलं एकच काम. पुराव्यासाठी भुंगा स्पिरिटमध्ये घालायचा होता. भाऊजी बाटली घेऊन उभे राहिले. बाई म्हणाल्या, घाई नाही, सोमवारी बघू. सोमवारी दोघांनाही भारी काम निघालं. भुंगा त्या जगमध्येच राहिला; तो आपणहून मरेपर्यंत, म्हणजे पुरते सात महिने, बाई नळाचं पाणी प्याल्या, आणि निवृत्त झालेले भाऊजी रोज त्याला खाऊ घालायला कॉलेजात जात राहिले.