स्टँडवरचा माझा फोटो

नव्या फ्लेक्सचा वास आला की शहापूरचा एसटी स्टँड आठवतो आणि डोकं तापतं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये सराव चाचण्यांत मी कायम तळाला असायचे. क्लासच्या सरांनी सगळ्यांदेखत बाबांना सांगितलं होतं, "हिला जमणार नाही, लग्नाचं बघा." खऱ्या परीक्षेत मात्र मीच क्लासात पहिली आले. पुढच्याच आठवड्यात बाबांसोबत किन्हवलीच्या गाडीतून उतरले, तर समोर फ्लेक्सवर माझाच हसरा फोटो, वर सरांचं नाव आणि खाली 'आमच्या मार्गदर्शनाचं यश'! मी कठड्यावर चढून दोरी तोडली. स्टँडसमोरच्या क्लासमधून सर धावत आले. "अगं, तुझंच कौतुक आहे ते!" "म्हणूनच काढते," मी ओरडले. आता बाबा रागावणार, असं वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "ती पलीकडची दोरी रायली गो." आज मी स्वतः शिकवते, पण तो राग मी अजून सोडलेला नाही.