तापीकडे गेलेलं पाणी

पुंजाजी खलाशाचे डोळे बांधून त्याला गाविलगडाच्या डोंगरात सोडा, तो घरी येईल, असं मोजणी खात्यात, जिथे तो साखळी-दुर्बीण वाहायचा, सगळेच म्हणत. चुकला तो एकदाच. आणि कधी चुकला, तर सख्खा साळा देवमन रक्तबंबाळ होऊन पाठीवर असताना!

अठ्ठावन्न सालचा आश्विन. डोंगरमाथ्यावर दुर्बिणीच्या आड येणारी झाडं तोडायचं काम चाललं होतं. साहेब चिखलदऱ्याला गेलेले, माथ्यावर हे दोघंच. देवमनची कुऱ्हाड ओल्या खोडावरून निसटली ती थेट त्याच्या नडगीत. पुंजाजीनं त्याच्या मांडीला दुपट्टा करकचून आवळला, त्याला पाठुंगळी घेतलं आणि निघाला. दवाखाना दक्षिणेला, खाली वऱ्हाडातल्या अंजनगावात. तेवढ्यात धुई अशी दाटली की हातभर पुढचं दिसेना.

पुंजाजी मूळचा सपाटीवरचा, काळ्या मातीतला. त्याच्या गावाकडे कुठलाही नाला धरून चाला, पूर्णेकाठच्या वस्तीला लागाल. पाण्याचा आवाज आला तसा तो बिनघोर नाल्यानं उतरू लागला.

तासाभरानं त्याचे पाय थबकले. अरे, हे पाणी इतकं सावकाश कावून चालून राहिलं? वऱ्हाडाकडची बाजू म्हणजे काळ्या पाषाणाची भिंत, एकेक पायरी पुरुषभर उंच. तिथे पाणी उड्या मारतं. इथे उतार मऊ, आणि सागाचं रान दाटच होत चाललेलं. तो उत्तरेला उतरला होता. माथ्याच्या उत्तरेचं पाणी सिपना नदीत जातं, तिथून तापीत. घर मागे राहिलं होतं, अन् पुढे नुसतं मेळघाटाचं जंगल!

"मी मेलो तं चालते, हा नाई मेला पायजे!" तो मोठ्यानं ओरडला. ऐकायला होतं कोण? देवमनची मान त्याच्या खांद्यावर लोळत होती.

तो उलटा फिरला. दातओठ खात, गुडघे टेकत, डोंगराला आणि स्वतःला शिव्या घालत चढला. माथा ओलांडला तसा त्याच्या पायाखालचा एक दगड सुटला आणि खाली गडगडत गेला, जातच राहिला. एवढं खोल! पुंजाजीला रडूच फुटलं. हीच आपली बाजू.

संध्याकाळी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. पाय कापावा लागेल. दुपट्टा फार वेळ आवळलेला राहिला, थोडं आधी आणायचं होतं."

गावात मात्र वाहवा झाली. "माह्या भावाले यायनं डोंगरावरून पाठीवर आणलं," असं चतुराबाई, पुंजाजीची बायको, येईल त्याला सांगे. ते ऐकलं की पुंजाजी उठून बाहेर जाई. दोन महिने त्यानं कसेबसे काढले. मग एका दुपारी देवमनच्या खाटेपाशी बसून, बायकोच्या देखतच, त्यानं बोलून टाकलं.

"देवमन, तुहा पाय माह्यापायी गेला. तासभर म्या तुले उलट्या बाजूनं नेलं."

चतुराबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"मले मालूम हाय," देवमन म्हणाला. "म्या शुद्धीवर होतो, भाऊजी. नाल्याचा आवाज तुमच्या आंधी मले आला. तोंडातून शबूद फुटता, तं म्याच म्हटलं असतं, तिकडंच चला."

पुंजाजीनं तोंड झाकून घेतलं.

"आता रडू नोका. थे कुबडी द्या. बाहीर जाचं हाय मले."