नातेवाईक: इज की आर

शिक्षक पात्रता परीक्षा जवळ आली होती आणि माझे इंग्रजी व्याकरणातले जिरंड आणि पार्टिसिपल अजून एकमेकांत गुंतलेले होते. दोघांच्याही शेवटी आयएनजी. क्लासचे सर म्हणाले होते, दोन वाक्यं शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा. म्हणून पोळ्या लाटता लाटता मी वाचलं, "व्हिजिटिंग रिलेटिव्ह्ज आर टायरिंग."

बाहेरच्या खोलीत मामेसासरे होते. डोळे दाखवायला भिवापूरहून आलेले. डॉक्टरची तारीख पुढे पुढे जात होती आणि त्यांचा मुक्काम लांबत होता. आयुष्य कचेरीत गेल्यामुळे इंग्रजी त्यांना चांगलं कळायचं.

"सूनबाई, घरी आलेले नातेवाईक दमवतात म्हणून राहिली का तू?"

लाटणं हातात घेऊनच मी बाहेर आले. "नाही मामाजी, व्याकरण आहे. आर असलं की पार्टिसिपल, म्हणजे आलेले नातेवाईक. इज असलं की जिरंड, म्हणजे नातेवाईकांकडे जाणं. पुढचं वाक्य इजचंच होतं."

"म्हणजे आमच्याकडे यायचा तुले कंटाळा."

"दादा, परीक्षा हाये गा तिची," सासूबाई मध्ये पडल्या. उपयोग झाला नाही. मामाजी जेवायला बसले, तिसरी पोळी नको म्हणाले आणि दुपारी पिशवी भरायला लागले. नवरा ऑफिसात. मी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी ते हातभर लांब धरून दोन्ही वाक्यं वाचली.

"मंग ड्रिंकिंग वॉटर काय?"

"पाणी स्वतः पितं का, मामाजी?"

"पाणी कशाले पिईन?"

"मग जिरंड. पिण्यासाठीचं पाणी."

"अन् रनिंग वॉटर?"

"ते स्वतःच वाहतं. पार्टिसिपल."

पिशवी तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला स्लीपिंग पिल्स, बार्किंग डॉग, वेटिंग रूम असं सगळं विचारून घेतलं. चुकलं की "विचार कर वं पोरी" म्हणायचे आणि उत्तर सांगायचे नाहीत. एकदा सासूबाई खोलीतून जात असताना मामाजींनी विचारलं, "कुकिंग गॅस?"

"संपला," सासूबाई म्हणाल्या.

डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत आमची शिकवणी रोज चालली. मी पास झाले. सूनबाईला आपण शिकवलं म्हणून ती पास झाली, असं त्यांनी भिवापुरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी कधी खोडून काढलं नाही. निम्मं तरी खरंच आहे.