बताकर जाओ

दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या क्वार्टर्समागे पाळणाघर आहे, तिथली ती आया. नाव मी कधी विचारलंच नाही. नातवाला सोडायला गेले की तिथल्या मॅडम म्हणायच्या, "आंटी, खेळण्यात रमला की हळूच निघा." मीही बावळटासारखी चपला हातात घेऊन सटकायचे. एक दिवस या आयाने मला अडवलं. ओढणी कमरेला बांधलेली, कडेवर दुसरंच कुणाचं बाळ. म्हणाली, "अम्माजी, चोर हो क्या? बताकर जाओ. रोएगा तो मैं हूँ ना."

मी सांगून निघाले. तो खूप रडला. तिने त्याला गप्प बस म्हटलं नाही, नुसती पाठ थोपटत राहिली. आठवड्याभरात तो मला हात हलवून टाटा करायला लागला.

आणि मॅडमनी काय करावं? तिला स्वयंपाकघरात टाकलं. का, तर ती सगळ्यांनाच सांगून जायला लावते आणि ती रडारड ऐकून नवे पालक बिचकतात. म्हणजे पोरं आतल्या आत घाबरली तरी चालेल, आवाज तेवढा नको. मी चांगली भांडले, पण "पॉलिसी है" म्हणाल्या. दीड वर्षाच्या पोराला फसवायची कसली आलीय पॉलिसी?

तिला भेटायला आत गेले, तर ती मटार सोलत होती. बाहेर कुणीतरी रडायला लागलं. तिचे हात थांबले.

"नई बच्ची है," ती म्हणाली. "इसको किसी ने बताया नहीं."