चादरीचं दुसरं टोक

सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं, ऊन नावालाही नाही. रात्री धुतलेल्या चादरी दोरीवर जड होऊन लोंबत होत्या. ज्या वाळल्या, त्यांच्या घड्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत वहिनी आणि मास्तर घालत होते. मालकाची वहिनी म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी. चादर झटकायची, टोकाला टोक जुळवायचं, समोरासमोर यायचं. एकट्याचं कामच नव्हे ते.

मास्तर एकेकाळी शाळेत शिकवायचे. मग डोक्याचा आजार, दवाखाना, नोकरी गेली. आता गोळ्या चालू होत्या, तरी अधूनमधून वर्ग भरायचाच.

"सरळ उभी राहा!" त्यांनी चादरीला दम भरला.

"राहतेय हो, जरा दमट आहे बिचारी."

तेवढ्यात मालक आत आला. "वहिनी, उद्यापासून मास्तर नकोत. काल लॉजचा मॅनेजर गठ्ठा न्यायला आला, तर त्यालाच विचारलं यांनी, गृहपाठ कुठाय म्हणून!"

"मग? काय म्हणाला?"

"टरकला. 'उद्या आणतो' म्हणाला."

वहिनी खो खो हसली. मास्तरांच्या हातातलं टोक मात्र सुटलं.

"बरं, काढत नाही," मालक नरमला. "मागं बॉयलरपाशी बसवू. एकटेच कपडे पिळतील, कुणाला दिसायचे नाहीत."

वहिनीचं हसू विरलं. ती स्वतः त्याच दवाखान्यातून परतली, तेव्हा याच दिरानं दया येऊन तिला काम दिलं होतं. तिथंच, बॉयलरपाशी. दिवसभर माणसाचा आवाज नाही. शेवटी भिंतीच बोलायला लागल्या आणि तिची पुन्हा दवाखान्यात रवानगी झाली. दुसऱ्यांदा आली ती ठणकावूनच: समोर माणूस असेल तेच काम करीन. मग दवाखान्याच्या बाकावर नुसते बसून राहणाऱ्या मास्तरांना तिनंच उठवून इथं आणलं.

"भाऊजी, या घड्यांच्या टेबलाला हात लावा."

"कशाला?"

"पुढं न्यायचंय. काउंटरशेजारी."

"वहिनी, लोक वेड्यांची लाँड्री म्हणतील!"

"म्हणू देत. आधी घडी बघा म्हणावं. बॉयलरपाशी ना ते जाणार, ना मी. आणि ते घरी गेले, तर मीही चालले. मग बसा चादरीची चारी टोकं एकट्यानं धरत."

"आणि तो मॅनेजर?"

"गृहपाठ आणला तर मास्तर तपासतील."

मालकानं कपाळावर हात मारला. मग तोच हात टेबलाला लावला.

काउंटरशेजारी टेबल टेकवून वहिनीनं ते पुसलं, गठ्ठ्यातली वरची चादर ओढली.

"मास्तर, धरा."

रस्त्याकडं एकवार बघून मास्तरांनी टोक धरलं.

"सरळ," ते पुटपुटले.