अप्पांच्या तेलुगू डायऱ्या

माझे वडील कवी होते, हे सोलापुरात फार तर पन्नास माणसांना माहीत असेल. चादरीच्या कारखान्यात नोकरी, कविता मराठीत, अनुवाद तेलुगूतून मराठीत. डायरी मात्र तेलुगूत. मी घरात तेलुगू बोलतच वाढले, पण शाळा मराठी, त्यामुळे ती लिपी मला वाचता येत नाही. अप्पा गेल्यावर त्यांचे सगळे कागद मी एका कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊन टाकले. ट्रंक घरातून गेली तेव्हा हायसं वाटलं, हे आता कबूल करते.

गेल्या महिन्यात तिथून फोन आला. कागदांची यादी करणारी मुलगी तेलुगू वाचणारी निघाली.

"काकू, तुमी एकदा या की. एका पानावर तुमचा विषय हाय."

चोराच्या मनात चांदणं.

दहा वर्षांची असताना मी अप्पांची एक वही जाळली होती. चार वर्षं खपून केलेला अनुवाद, दुसरी प्रत नाही. ती कुणा जाणत्याला दाखवायला ते अक्कलकोटला गेले आणि माझं गॅदरिंग चुकवलं. मी लहानपणापासून डूख धरणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पिशवीतून वही काढली आणि पाणी तापवायच्या बंबात सारली. ते शोधू लागले तेव्हा मीच म्हणाले, "एसटीत राहिली असेल."

मग ते दर रविवारी स्टँडवर चौकशीला जायचे. ते घरी परतेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, अप्पा अंथरुणाला खिळले. तरी खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांना कळलं तर मी त्यांच्या मनातून उतरेन, एवढीच भीती होती, आणि ते गेले तरी ती गेली नाही.

ग्रंथालयात त्या मुलीने डायरी उघडली. नको वाचूस म्हणावं, तर तिने आधीच वाचलेलं. ती तेलुगूतच वाचू लागली. मला शब्दन् शब्द कळत होता.

"बंबाच्या राखेत वहीच्या पिना सापडल्या. पोरगी भेदरली आहे. एसटीत राहिली म्हणते. स्टँडवर जाऊन येतो, म्हणजे तिला वाटेल मला पटलं."

त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि मी जन्मभर त्यांना कळू नये म्हणून भीत राहिले.

"पुढं काय लिहिलंय?"

तिने पानं उलटली. "दर रविवारी एकच ओळ हाय, काकू. स्टँडवर जाऊन आलो. वर्षभर."

"माफ केलं, असं कुठं आहे का बघ."

ती बराच वेळ बघत राहिली. "तसं कुटं न्हाई लिहिलेलं."

मी तिला पुढची डायरी काढायला सांगितलं.