बारा नंबरचं घर

असोद्याच्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक जुनं चित्र आहे. पिवळट कागद, जागोजागी चहा सांडल्यासारखे डाग. पुढे रुंद नदी, नदीत तीन-तीन डोलकाठ्यांची जहाजं, त्यांच्यावर निशाणं. मागे दगडी तट, तटाला बुरूज, बुरुजांतून तोफांची तोंडं बाहेर आलेली. तटाच्या आत कौलारू घरांची दाटी आणि मधोमध एक उंच, निमुळता मनोरा. घरांवर मुंगीएवढे आकडे. हे म्हणे आमचं मूळ गाव. म्हणजे आमची भाऊबंदकी तसं मानते, आणि भाऊबंदकीने एकदा मानलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजतील आणि वाटेला लावतील.

आमची माणसं पिढ्यांपूर्वी गुजरातकडून आली, आणि येताना बैलगाडीत हे चित्र घेऊन आली, असं सांगतात. काचेची फ्रेम, बैलगाडीतून, नद्या-नाले ओलांडत, एक टवका न उडता! धुळ्याहून एसटीने आणलेला चकल्यांचा डबा माझ्या हातून आजवर कधी धड पोचला नाही. पण हे विचारायचं कोणी? नदी म्हणजे तापी, मनोरा म्हणजे महादेवाच्या देवळाचा कळस, विषय संपला. श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते, तेव्हा चित्र खाली उतरवून चौरंगामागे ठेवतात. घरातली बाई पहिलं कुंकवाचं बोट कानबाईला लावते आणि दुसरं त्या कळसाच्या टोकाला. आईने लावलं, काकूने लावलं, लग्नापर्यंत मी लावलं. काचेवर टोकाशी कुंकवाचा असा थर बसला होता की खाली काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आकड्यांचा अर्थ भाटाने लावला. भाट म्हणजे आमच्या वंशाची वही सांभाळणारा माणूस. चार-सहा वर्षांनी गुजरातकडून येतो, खाटेवर मांडी घालतो, बारा पिढ्यांची नावं एका सुरात म्हणतो आणि नव्या जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतो. मी दहा वर्षांची असताना आलेल्या भाटाला कोणीतरी ते चित्र दाखवलं. त्याने डोळे बारीक केले, वही चाळली आणि बोट ठेवलं, "हे सात नंबर तुमचं." मग काय विचारता! गावातले सगळे भाऊबंद धोतर सावरत आले आणि आपापलं घर विचारू लागले. धाकट्या पातीला, म्हणजे धाकट्या भावाच्या वंशाला, पाच नंबर मिळालं, ते नदीला लागून. झालं! आमच्या पातीचे लोक म्हणाले, पाणवठ्याची जागा त्यांनाच का? शेत वाटून झालं होतं, विहीर वाटून झाली होती, आता चित्रावरून जुंपली. दोन घरांचं जाणं-येणं कितीतरी वर्षं बंद होतं. कागदावरच्या घरापायी!

भाट आला त्याच दिवशी मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, माझं नाव लिहा. भाट हसला. वडील हसले. सगळी बैठक हसली. पोरीचं नाव वहीत नसतं, पोर परक्या घरची, असं भाटाने मला गोड आवाजात समजावलं. मी विचारलं, "मग माझं घर कुठलं?" त्यावर तर लोक आणखीच हसले. मी न्हाणीत जाऊन कडी लावली आणि रडून रडून गळा बसवला.

आबा म्हणजे माझे थोरले काका. माझ्या वडिलांपेक्षा मोठे, बोलायला कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उचलून चित्रापुढे धरलं. "ते पाह्य. तटाच्या बाहेर, नदीच्या वळनावर. एकच घर हाये ना? नंबर वाच." मी वाचला. बारा. "ते तुह्यं. भाट इसरला सांगायले." मी नीट पाहिलं. एक दार, दोन खिडक्या, शेजारी झाड, आणि आजूबाजूला एकही भाऊबंद नाही. अशी जागा आमच्या खानदानात कोणालाच मिळाली नव्हती. आठवडाभर मी शाळेत मान वर करून चालले.

पुढे माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला गेले. तिथल्या माणसांचं "शे"वाचून पान हलत नाही. आमच्या असोद्यात "हाये", तिथे "शे". सासूबाई विचारायच्या, "च्या शे का?" आणि मी आपली भांबावून बघत राहायची. सासरचाही भाट आला. त्याच्या वहीत माझी नोंद झाली ती अशी: नवऱ्याचं नाव, आणि पुढे "बायको असोद्याची". संपलं. माहेरच्या वहीत नाही कारण सासरी जाणार, सासरच्या वहीत नाही कारण माहेरहून आलेली. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, हजारो पोरांची हजेरी घेतली, आणि माझी स्वतःची हजेरी कुठेच नाही. याचा मला राग येतो. आजही येतो, आणि म्हातारपणी तो कमी होईल असं जे सांगतात त्यांना झक मारू द्या.

आता भूगोलाच्या बाईला कळायला नको का, की उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याच्या तापीत तीन डोलकाठ्यांचं जहाज येत नाही? कळत होतं. पहिल्या वर्षी नकाशा शिकवताना कळलं. पण तोंडाला कुलूप लावलं. का? तर चित्र खोटं ठरलं की बारा नंबर पण गेलं. स्वार्थ, दुसरं काय.

यंदा चुलतभावाने, म्हणजे आबांच्या मुलाने, जुनी बैठक पाडून तिथे मोठा हॉल बांधला. छताला नक्षी, भिंतीला गुळगुळीत टाइल्स. घरभरणीला सगळी भाऊबंदकी येणार, भाटही येणार, आणि मूळ गावाचं चित्र मधोमध लागणार. मी आधीच ठरवलं होतं की या वेळी भाटाला सोडायचं नाही. माझं नाव, आणि माझ्या लेकीचं नाव, दोन्ही चढलीच पाहिजेत. आबा अठ्ठ्याऐंशीचे झालेत, कान गेलेत. त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं एवढंच मला हवं होतं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "अक्का, रीत ती रीत. तू कशाले डोकं फिरवती आता या वयात?"

मी असोद्याला पोचले, आणि घरभरणीच्या दोन दिवस आधी रंगाऱ्याच्या शिडीने चित्राची काच फोडली. "अक्का, तू रिकामीच हाये," असं म्हणून भावाने ते माझ्या गळ्यात मारलं. मी चित्र चादरीत गुंडाळलं आणि रिक्षाने जळगावला फ्रेमवाल्याकडे नेलं.

फ्रेमवाला चष्मा नाकावर ओढून मागचे खिळे काढू लागला. "ताई, ही फ्रेम आधी एकदा कोणीतरी उघडलेली दिसते. अर्धे खिळे जुने, अर्धे चपलेचे." मी म्हटलं असेल. मागची फळी निघाली, तिच्यावर धरणगावच्या कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंगचा पुसट शिक्का होता. आमचे पणजोबा त्या जिनात कापूस तोलायला होते, हे मला माहीत होतं. बैलगाडीची गोष्ट तिथेच गाळात रुतली. मग त्याने कागद बाहेर काढला, आणि कागद वरून-खालून दुमडलेला निघाला. जुन्या कारागिराकडे देवाच्या कॅलेंडरच्या मापाची तयार फ्रेम असणार. चित्र बसेना, तर त्याने वरची पट्टी मागे दुमडली, खालची पट्टी मागे दुमडली आणि खिळे ठोकले. आमचं मूळ गाव त्या घडीत गेलं होतं.

वरच्या पट्टीवर शहराचं नाव होतं. डच लोकांनी समुद्रापार, अमेरिकेच्या बाजूला, कुठल्याशा नदीच्या तोंडाशी तट घालून वसवलेलं शहर. खालच्या पट्टीवर आकड्यांची यादी. फोनचा कॅमेरा धरला की परकी अक्षरं मराठीत दिसतात, ही लेकीने शिकवलेली विद्या. धरला. एक, किल्ला. दोन, चर्च. म्हणजे तो कळस! तीन, गव्हर्नरचा वाडा. पाच, कत्तलखाना. मी तोंडावर पदर धरला. धाकट्या पातीचं नदीकाठचं घर, ज्याच्यासाठी दोन घरं बोलत नव्हती! आणि सात? सात, तुरुंग.

मी त्या दुकानात इतकी हसले की फ्रेमवाल्याने पाणी आणून दिलं. हसता हसता डोक्यात लख्ख प्रकाश पडला: भाटाची शेंडी माझ्या हातात आली. नाव लिही, नाहीतर भर हॉलमध्ये यादी वाचते.

यादी अकरावर संपत होती. दवाखाना, पूर्णविराम. बारा नव्हताच. मला वाटलं, शेवटची ओळ कसरीने खाल्ली असेल. कागद फिरवून पाहिला, कडा शाबूत होती. तोवर फ्रेमवाला ओल्या कापसाने चित्र पुसायला लागला होता. मनोऱ्यावरचं कुंकू फुटक्या काचेबरोबरच गेलं होतं, आणि धूळ पुसताच तिथे बारीकसा क्रूस दिसला. बिचाऱ्याने आमच्या कानबाईचं किती कुंकू सोसलं! मग त्याने नदी पुसली, तट पुसला, सात, पाच, तीन पुसले. छापील आकडे ढिम्म हलले नाहीत. तो वळणावरच्या घरापाशी आला, बारावर कापूस टेकवला, आणि आकड्याने निळं पाणी सोडलं.

"थांबा!" मी ओरडले आणि त्याचा हात धरला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"अहो ताई, हे छापलेलं नाही. कोणीतरी टाकाने लिहिलंय."

मला कळलं होतं. चपलेचे खिळे मला कळले होते. ज्या दिवशी मी न्हाणीत रडत होते, त्या दिवशी आबांनी चित्र उतरवलं, फ्रेम उघडली, मोकळं घर शोधलं, आकडा काढला आणि घरात सापडतील ते खिळे ठोकून ते परत टांगलं. म्हणजे दुमडलेली नावाची पट्टीही त्यांनी पाहिली असणार. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजी अक्षरं त्यांना लावता येत होती. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांना ठाऊक होतं की हे आपलं गाव नाही. पातीपातीत भांडणं झाली तरी ते बोलले नाहीत. आणि मी इतकी वर्षं स्वतःला हुशार समजत होते की गुपित आपल्यालाच ठाऊक आहे. मी स्टुलावर बसून रडले. फ्रेमवाल्याने दुसऱ्यांदा पाणी दिलं.

पट्ट्या होत्या तशा दुमडून घेतल्या, नवी काच बसवली आणि यादीचा फोटो तेवढा फोनमध्ये ठेवला.

घरभरणीला भाट आला. त्या जुन्या भाटाचा मुलगा, मोटारसायकलवर, वही प्लास्टिकच्या पिशवीत. लोक जमायच्या आधी तो ओट्यावर चहा पीत होता. मी शेजारी जाऊन बसले.

"महाराज, सात नंबर कोणाचं?"

"तुमच्या खापरपणजोबांचं, बेन. वडील सांगून गेले."

मी फोन त्याच्यापुढे धरला. सात वाचून दाखवलं. पाच वाचून दाखवलं. बशी त्याच्या ओठांपर्यंत पोचलीच नाही.

"कोणाला सांगितलं?"

"अजून नाही. माझं नाव लिहा. माझ्या लेकीचं पण."

"बेन, नियम नाही."

"तुमच्या वडिलांनी आमचे पूर्वज तुरुंगात बसवले, तेव्हा कोणता नियम होता?"

त्याने बशी खाली ठेवली आणि वहीची पिशवी उघडली. तासाभराने भरल्या हॉलमध्ये, घसा साफ करून, तो म्हणाला की काळ बदलला आहे, लेकीबाळीही वंशाच्याच, आणि माझं नाव त्याने मोठ्याने उच्चारून लिहिलं. मग माझ्या लेकीचं. भावाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण भाटापुढे बोलणार कोण? भाटाने लेखणी वर धरून विचारलं, "घर?" मी म्हटलं, "बारा."

पंगतीच्या वेळी मी आबांचं ताट घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. त्यांना नाव चढल्याचं ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे. ते समोरच्या चित्राकडे बघत होते. लख्ख काच, कुंकू गेलेलं, तट उजळलेला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"पानी लावलं का वं त्यानं त्याले?"

"हो आबा. थोडं."

"बारा पुसला तं नाही ना?"

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "नाही. शाई फुटली जराशी, पण वाचता येतो."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवला.

"तू लई रडत व्हती त्या दिवशी," आबा म्हणाले. "मले दुसरं काही सुचलं नाही."